दादांच्या नावाने उचललेला भंडारा

माझ्या सासऱ्यांचं एक मत मी खाल्लं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगतो, कारण दादांविषयी लिहायला बसलं की हात आपोआप गमतीच्या आठवणींकडे जातो, आणि त्यांच्याबद्दल गमतीचं इतकं आहे की ही एक गोष्ट लिहायची सहज राहून जाईल. राहून गेली तर बरं, असं मला आतून वाटतंही... म्हणूनच ती पहिल्या ओळीत लिहिली.

दादांना जाऊन महिना होऊन गेला. मी बँकेत होतो, बायकोचा, मीनाचा फोन आला. "अहो, दादा..." एवढंच बोलली. सुरतेत डिंडोलीतल्या त्यांच्या रो-हाउसवर पोचलो तेव्हा त्यांना खाली चटईवर ठेवलेलं होतं. सकाळी चहात बुडवून खारी खाल्ली, पेपर मागितला, आणि पेपर हातात देईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, दादांच्या डाव्या हाताचं बोट ओल्या फडक्याने पुसत बसल्या होत्या. निवडणुकीची शाई होती ती, नखाच्या मुळाशी अजून काळीभोर. मीना रडत रडत म्हणाली, "आई, नाही निघणार ती." आईंनी फडकं बाजूला ठेवलं. "ऱ्हाऊ दे मंग. तठे बी दाखवत फिरतीन." आणि त्या घरात, त्या वेळी, दोघी मायलेकी रडता रडता हसल्या. दादांचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

ती शाई या वेळच्या विधानसभेची; त्या दिवशी मीच त्यांना मतदानाला घेऊन गेलो होतो. हृदयाचं दुखणं होतं, चार पावलं चाललं की दम लागायचा. पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आदल्या दिवशी काळे केलेले केस, कानात अत्तराचा फाया. रिक्षातून उतरल्यावर शाळेच्या दारातला पोलीस म्हणाला, "दादा, तमे आगळ आवी जाव, लाइनमां नथी ऊभा रहेवानुं." रांग सोडून पुढे जाणं दादांना अपमानच वाटला. "ना भाई, लाइन तो जोईए," म्हणत ते माझ्या खांद्यावर हात टेकून रांगेत उभे राहिले. रांग म्हणजे त्यांचा अर्धा आनंद होता. पुढच्याला विचार, मुलगी कितवीत गेली. मागच्याला विचार, लूमचं काम कसं चाललंय. अर्ध्या तासात त्यांनी सगळ्या रांगेची खबरबात घेतली. बाहेर आले ते बोट वर करूनच. मी सहज विचारलं, "कोणाला दिलं?" दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. "मनं मत मी कोनले सांगस नही, जवाईबापू. तुमनी सासूले बी नही."

हे मतदानाचं वेड काही म्हातारपणातलं नव्हतं. मला त्याचा पहिला प्रसाद मुलगी पाहायला गेलो तेव्हाच मिळाला. दादा तेव्हा उधन्याला रेल्वेच्या मालाच्या ऑफिसात कारकून होते, मूळचे अमळनेरकडचे. मी पगार, शिक्षण, घर अशा प्रश्नांची तयारी करून गेलेलो. त्यांनी पोह्यांची बशी माझ्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "मतदार यादीत नाव कुठे आहे? गावाकडे की सुरतेत?" माझं नाव गावाकडून कमी झालं होतं आणि सुरतेत चढवायचं राहिलं होतं. तसं सांगितलं. दादा आत जाऊन मीनाला म्हणाले, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा बरा आहे, पण अजून कुठलाच नाही." लग्न ठरलं ते मी नाव चढवून येईन या बोलीवर. मी चढवून आलो.

प्रचाराला येणाऱ्यांची ते जी फजिती करायचे ती पाहायला आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसायचो. कुठल्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की दादा आदराने म्हणायचे, "बठा, च्या ल्या." चहा आला की हळूच सांगायचे, "पण एक सांगून ठेवतो साहेब, माझं मत तुमच्यासमोर उभा आहे त्याला." मग खुर्चीत मागे टेकून बघत बसायचे. कोणी गडबडून उठायचा. कोणी वाद घालायचा. एकदा एक बाई उमेदवार आल्या होत्या, त्या हसल्या, सगळा चहा संपवला आणि जाताना आईंच्या गुडघ्यांची चौकशी करून गेल्या. दादांना विचारलं, हे नाटक कशाला? म्हणाले, "जो मत देणार त्याच्याशी सगळेच गोड बोलतात. जो देणार नाही त्याच्याशी कसा बोलतो ते बघायला नको? निवडून आल्यावर मत न देणाऱ्याच्याही दारात त्याला जायचंय." मी म्हटलं, "पण दादा, हे खोटं बोलणं झालं." ते म्हणाले, "ही थट्टा आहे. थट्टेला देव साक्षी नसतो." पत्त्यांतही ते लबाडी करायचे आणि पकडले गेले की हेच उत्तर द्यायचे.

आता देवाचं. दादा पक्के देवभक्त. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, कपाळाला रोज भंडारा, म्हणजे हळद. शब्द दिला तर तो मोडायचा नाही, आणि भंडारा हातात घेऊन दिला तर मेलं तरी मोडायचा नाही, अशा घरात ते वाढले होते. मीही देवधर्म मानणारा. आणि मला तेव्हा असं अगदी मनापासून वाटायचं की आपल्या धर्माचा, आपल्या देवाला मानणारा माणूस उभा असेल तर मत त्यालाच गेलं पाहिजे, त्यात दुसरा विचार करणं म्हणजे घरभेदीपणा. यावरून आमचे वाद व्हायचे. दादा म्हणायचे, "मीसुद्धा धर्म बघूनच मत देतो हो. फक्त त्याचा बघत नाही, माझा बघतो. उद्या हा माणूस कोणाचं वाईट करील तर त्यात माझं बोट असेल. ते माझ्या धर्मात बसतं का, एवढं बघायचं." मला ते पटायचं नाही. मी त्यांना म्हणायचो, तुमचं हे फार बारीक कातणं झालं. ते म्हणायचे, "बँकेत बसून तुम्ही जाड कातता."

पाच वर्षांपूर्वी आमच्याच समाजाचे एक कापड व्यापारी विधानसभेला अपक्ष उभे राहिले. सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणत. मीही त्यांच्या प्रचारात पडलो. सभेत मला स्टेजवर खुर्ची मिळाली होती, खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीनेच माझं डोकं फिरवलं होतं. त्या सभेत भाऊ म्हणाले की ड्रेनेजची नवी लाईन आधी आपल्या सोसायट्यांना आली पाहिजे, खाडीपलीकडच्या वस्तीत आपली माणसं राहत नाहीत, त्यांचं त्यांनी बघावं. पलीकडे मुसलमानांची घरं होती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दादा समोर दुसऱ्या रांगेत बसले होते, हात मांडीवर ठेवून. घरी येताना एवढंच म्हणाले, "जवाईबापू, गटार तुंबलं की अलीकडे-पलीकडे बघत नाही." पुढे भाऊ त्यांच्या घरी आले तेव्हा दादांनी नेहमीचा डाव टाकला. भाऊंनी चहा तसाच ठेवला आणि उठताना म्हणाले, "देवाचं नाव घेता आणि मत भलत्याला देता?" दादांनी मला नंतर डोळा मारला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंसमोर माझी काय किंमत राहिली, हाच विचार डोक्यात.

मग चंपाषष्ठी आली. सोसायटीतली खानदेशी कुटुंबं त्या दिवशी दादांकडे तळी भरायला जमत. ताम्हणात विड्याची पानं, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा ठेवायचा, पाच जणांनी मिळून तो तीनदा उचलायचा, येळकोट करायचा, आणि मग भरीत-भाकरीवर तुटून पडायचं. भरिताची वांगी गावाकडून रेल्वेने यायची. सुरतेच्या वांग्याला दादा वांगं म्हणायलाच तयार नसत. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी, धुरात बसायची मनाई. ते आतल्या खोलीत पडून होते. मला बोलावून म्हणाले, "माझ्या जागी तुम्ही उभे राहा." जावयाला हा मान देतात असं नाही. त्यांनी दिला.

भाऊ आले होते. दोनदा तळी उचलून झाली. दादा आतून प्रत्येक येळकोटाला सगळ्यांच्या वरचढ आवाजात साथ देत होते. तिसऱ्यांदा उचलायच्या आधी भाऊ हसत म्हणाले, "प्रमोदराव, गल्ली सगळी आपली झाली. हे एक घर तेवढं संशयात आहे." लोक हसले. आणि मी... मी ताम्हणातला भंडारा मुठीत घेतला, हात वर केला आणि म्हणालो, "दादांच्या जागी उभा आहे, भंडारा उचलून सांगतो. दादांचं मत भाऊंना. कायम!" ते 'कायम' मला कोणी मागितलंही नव्हतं. जोरात येळकोट झाला. त्या तिसऱ्या येळकोटाला आतून आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा दादा पलंगावर बसून होते. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "काय व्हयनं हे, जवाईबापू?" मी म्हटलं, "दादा, मी आपलं उत्साहात बोललो. तुम्ही थोडंच बोललात? तुम्ही द्या ना तुम्हाला हवं त्याला, आत कोण बघतंय?" त्यांनी मान हलवली. "मी तुम्हाला माझ्या जागी उभं केलं. तिथे तुम्ही बोललात ते मी बोललो. तुम्ही वांगी जाळली असतीत तर जेवण माझ्या घरचं करपलं असतं की नाही?" मी नारळ सुचवला, अभिषेक सुचवला, जेजुरीची खेप माझ्या खर्चाने सुचवली. ते म्हणाले, "देव काय कोर्ट आहे, दंड भरून सुटायला? जो बोलला त्यानेच तिथे उभं राहून, ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर परत घ्यायचं. वर्षातून एकदा तळी भरते. तेव्हा घ्या, तुम्हाला जमेल तेव्हा." मग त्यांनी विषय बदलला, आणि त्यानंतर कधीही तो काढला नाही.

मतदानाच्या दिवशी दादा केस काळे करून, पांढरा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसले. भाऊंना मत द्यावं तर त्यांचं मन खात होतं. दुसऱ्याला द्यावं तर भंडारा खोटा पडत होता. म्हणून गेलेच नाहीत. मतदान करायला लागल्यापासून पहिल्यांदा. येणारे-जाणारे विचारत होते, "केम दादा, वोट आपी आव्या?" आणि ते हसून नमस्कार करत होते. आई मात्र नवं लुगडं नेसून निघाल्या. मी भीत भीत म्हटलं, "आई, तुम्ही जाताय?" त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "मी काय कोनले मन्हा जागी उभं कयं नव्हतं. आणि खंडोबाला माझं मी सांगेन, आमची जुनी ओळख आहे." ओट्यावर दादा खो खो हसले. संध्याकाळी पाच वाजता मतदान संपलं तेव्हा मी तिथेच होतो. दादा उठले, आत गेले आणि शर्ट काढून त्यांनी त्याची घडी घातली.

भाऊ पडले. अनामत रक्कमही गेली. दादा म्हणाले, "मी गेलो असतो तरी पडलेच असते." मला धीर द्यायला म्हणाले, हे मला कळत होतं, आणि त्यामुळे मला जास्तच लागत होतं. तुम्ही विचाराल, मग पुढच्या चंपाषष्ठीला सांगून का टाकलं नाही? काय सांगू... दर वर्षी ठरवून जायचो. घरून निघताना वाक्यं पाठ असायची. तिथे गेलो की सोसायटीची ओळखीची तोंडं दिसायची, भंडारा खोटा उचलणारा म्हणून लोक काय म्हणतील ते कानात वाजायला लागायचं, आणि मी गप्प राहून भरीत खायचो. दादा वाढताना क्षणभर माझ्याकडे बघायचे, मग म्हणायचे, "घ्या जवाईबापू, मिरची बेताची आहे." मधल्या निवडणुकांत भाऊ उभे नव्हते. दादा थाटात जाऊन मत देऊन यायचे, बोट दाखवायचे, आणि मी स्वतःची समजूत घालायचो की चला, मिटलं.

पाच वर्षांनी भाऊंचे फलक पुन्हा लागले. दादांचं हृदय तोवर थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यावरून एवढं कळत होतं की यापुढची विधानसभा काही ते बघणार नाहीत. एका दुपारी मीना माहेरून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहूनच म्हणाली, "दादांनी आईला सांगितलं, यंदा शर्टाला इस्त्री नको करू." मग माझ्याकडे न बघता कुकर लावायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या वेळी चंपाषष्ठी मतदानाच्या अगदी तोंडावर आली होती. दादांना खुर्चीत घालून बाहेर आणलं. आता धुराची मनाई त्यांनीच उडवून लावली होती, आणि "अजून दोन मिनिटं, उलटं कर, उलटं कर" असं वांगी भाजणाऱ्याला खुर्चीतून सांगणं चाललं होतं. भाऊही आले होते, गपचूप, मागे उभे. तळी दोनदा उचलून झाली. तिसऱ्यांदा सगळ्यांनी ताम्हणाला हात लावले आणि मी म्हणालो, "थांबा." एवढं म्हणून मी जो थांबलो तो थांबलोच. पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. कोणीतरी म्हणालं, "काय झालं साहेबांना, चक्कर आली का?" एक जण म्हणाला, "भाषण करतीन वाटतं, खुर्ची द्या रे." पुन्हा हशा. दादा एकटेच हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, तसंच, वाढताना बघायचे तसं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडल्या, "बोला हो जे बोलायचं ते! भरीत गार होऊन ऱ्हायनं."

मी भंडारा मुठीत घेतला.

"दादा, मागच्या विधानसभेला याच जागी भंडारा उचलून मी तुमच्या मताचा शब्द दिला. तो तुम्ही दिला नव्हता. तुम्ही मला तळी उचलायला सांगितली होती, तुमचं मत उचलायला सांगितलं नव्हतं. भाऊ, तो शब्द माझा होता, आणि खोटा होता. सगळ्यांसमोर तो मी परत घेतो. दादा, परवा तुम्हाला हवं त्याला मत द्या. पण ते मागचं एक माझ्यामुळे गेलं, आणि ते काही मला आता आणून देता येणार नाही. मी चुकलो. मला माफ करा."